ईसीजी नॉर्मल, तरी छातीत धडधड. हार्ट अटॅकची भीती मनातून जात का नाही?

अभिनेता श्रेयस तळपदे याला १४ डिसेंबर २०२३ रोजी चित्रीकरण आटोपून घरी परतल्यावर हृदयविकाराचा झटका आला. वय अवघे ४७. तातडीने अँजिओप्लास्टी झाली आणि तो वाचला. त्याआधी २ सप्टेंबर २०२१ रोजी अभिनेता सिद्धार्थ शुक्ला ४० व्या वर्षी, तर २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी गेला. अशी प्रत्येक बातमी मोबाइलवर येते तेव्हा हजारो तरुणांचा हात नकळत स्वतःच्या छातीकडे जातो. डावीकडे जरा दुखतंय का? ठोका चुकला का? काहींची ही शंका दोन दिवसांत विरते. काहींच्या मनात मात्र ती महिनोन् महिने ठाण मांडून बसते. ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट सगळे नॉर्मल येते, तरी रात्री उशीवर कान टेकला की ठोके ऐकू येतात आणि झोप उडते. असे का होते, यात किती खरे आणि किती मनाचे, आणि यातून बाहेर कसे पडायचे, हे समजून घेऊया.

या भीतीला नाव आहे का?

आहे. मानसशास्त्रज्ञ गेऑर्ग आयफर्ट यांनी १९९२ मध्ये एका शोधनिबंधात 'कार्डिओफोबिया' या अवस्थेची सविस्तर मांडणी केली. हृदय निरोगी असूनही छातीतल्या प्रत्येक संवेदनेचा अर्थ 'झटका' असा लावला जाणे, असे तिचे स्वरूप. ही भीती मोजण्यासाठी त्यांनी सहकाऱ्यांसह २००० मध्ये १८ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली भीती : 'डॉक्टरांच्या नजरेतून काहीतरी सुटले असेल.' दुसरी टाळाटाळ : जिने नकोत, धावणे नको, भांडण नको, लांबचा प्रवास नको. तिसरी पहारा : सतत नाडी पाहणे, ठोक्यांकडे कान लावून बसणे. यातली टाळाटाळ आणि पहारा या दोन सवयी लक्षात ठेवा. भीतीला खतपाणी त्याच घालतात.

हा प्रकार मोबाइलने आणलेला नाही. फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांच्या तक्रारी नोंदवल्या : छातीत दुखणे, धडधड, धाप, थकवा. हृदयात मात्र दोष सापडत नव्हता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातही असे हजारो जवान निघाले. तेव्हा हृदयरोगतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी त्यांना खाटेवर झोपवून न ठेवता टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी कवायत करायला लावली. पुढे १९४१ मध्ये लंडनचे डॉ. पॉल वुड यांनी या त्रासाचे मूळ हृदयात नसून चिंतेत असल्याचे ठामपणे मांडले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची तक्रार तीच आहे. बदलली आहेत ती फक्त उपकरणे.

आजार नाही, मग त्रास खोटा का?

अजिबात नाही. धडधड खरी असते, दुखणेही खरे असते. प्रश्न असतो तो त्याच्या कारणाचा.

समजा, अंबड एमआयडीसीत रात्रपाळी करणारा ३१ वर्षांचा तरुण आहे. दोन कप जास्तीचा चहा, अपुरी झोप, पहाटे घाईत खाल्लेली तर्रीदार मिसळ. घरी येऊन आडवा झाल्यावर छातीत जळजळ सुरू होते. अन्ननलिका आणि हृदय यांच्या वेदना मेंदूकडे नेणारे मार्ग बरेचसे एकच असल्याने ॲसिडिटीचे दुखणे 'हृदयाचे' वाटू शकते. बरगड्यांच्या कूर्चेला सूज, आखडलेले स्नायू यांनीही छाती दुखते. त्यात नुकताच पाहिलेला जिममध्ये कोसळणाऱ्या तरुणाचा व्हिडिओ डोक्यात असतो. मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. ॲड्रेनलिन सुटते आणि ठोके वाढतात. श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना मुंग्या, चक्कर, छातीवर दडपण जाणवते. ही लक्षणे पाहून भीती आणखी वाढते आणि भीतीमुळे लक्षणे.

इंजिनीअरिंगला आम्ही याला फीडबॅक लूप म्हणायचो. गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. माइकने टिपलेला बारीक आवाज स्पीकर मोठा करतो, माइक तो पुन्हा टिपतो, स्पीकर आणखी मोठा करतो. माइक बिघडलेला नसतो, स्पीकरही नाही. चुकलेली असते ती दोघांची जागा. इथे हृदय चांगले, मेंदूही चांगला; पण एकाचा माइक दुसऱ्याच्या तोंडाशी धरलेला. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण यापेक्षा वेगळे काय सांगते?

आणखी एक गोष्ट. मिनिटाला ७० ठोके धरले तर हृदय दिवसाला एक लाखाहून जास्त वेळा धडकते. त्यातला एखादा ठोका लवकर पडणे आणि पुढच्या ठोक्याआधी क्षणभर 'थांबल्यासारखे' वाटणे हे निरोगी माणसांतही सर्रास घडते. २४ तासांच्या होल्टर तपासणीत असे जादा ठोके अनेक निरोगी लोकांमध्ये दिसतात. ज्याचे लक्ष नसते त्याला ते कळत नाहीत. ज्याने पहारा लावला आहे, त्याला प्रत्येक कळतो.

रिपोर्ट नॉर्मल आला, तरी दिलासा का टिकत नाही?

या आजाराची खरी मेख इथे आहे. रिपोर्ट हातात पडला की बरे वाटते. हे बरे वाटणे मेंदू लक्षात ठेवतो, पण चुकीच्या पद्धतीने : 'तपासले म्हणून वाचलो.' त्यामुळे पुढच्या वेळी कळ आली की पुन्हा तपासणीची ओढ लागते. दिलासा आधी महिनाभर टिकतो, मग आठवडाभर, मग संध्याकाळपर्यंत.

अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले एका ७० वर्षीय महिलेचे उदाहरण बोलके आहे. तिला हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा आजार खरोखर होता. तिने स्मार्टवॉचवर वर्षभरात ९१६ वेळा ईसीजी काढला आणि घड्याळाच्या सूचनांमुळे धास्तावून १२ वेळा दवाखाना किंवा आपत्कालीन विभाग गाठला. हृदयाची स्थिती बिघडल्याचे दिसले नाही. बिघडले ते तिचे रोजचे जगणे. शेवटी उपयोग झाला तो मानसोपचाराचा.

मग घड्याळ कुचकामी का? तसेही नाही. ॲपलच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक सहभागी होते. त्यातल्या जेमतेम ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीची सूचना आली. सूचना आल्यानंतर ज्यांनी छातीवर पट्टी लावून पुढची तपासणी पूर्ण केली, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोकांमध्ये 'एट्रियल फिब्रिलेशन' हा ठोक्यांचा दोष आढळला. म्हणजे घड्याळ काही उपयोगी गोष्टी टिपते. पण हार्ट अटॅक ओळखणे हे त्याचे कामच नाही, असे कंपनी स्वतः सांगते. 'घड्याळात सगळे ठीक' म्हणून छातीतले खरे दुखणे अंगावर काढणे जितके चूक, तितकेच दर तासाला घड्याळात डोकावणे चूक.

'सगळ्या टेस्ट करून टाकू, निदान शंका तरी जाईल' या विचारातही एक गणिती सापळा आहे. फक्त समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब पाहू. कोणतेही लक्षण नसलेले १,००० तरुण घेतले. त्यातल्या दोघांना खरा आजार आहे. टेस्ट निरोगी माणसांत १०० पैकी ५ वेळा चुकते. मग त्या दोघांबरोबर सुमारे ५० निरोगी तरुणांच्या रिपोर्टवरही लाल शेरा पडेल. या ५० जणांच्या वाट्याला पुढच्या तपासण्या, खर्च आणि नवी भीती. म्हणून टेस्ट कोणती आणि कधी, हे भीतीने नाही, तर जोखीम पाहून डॉक्टरांनी ठरवायचे असते.

पण आपल्याकडे तरुणांना झटके येतातच ना?

येतात, आणि ते नाकारून भीती जात नाही. २०१६ मध्ये देशातल्या एकूण मृत्यूंपैकी २८.१ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे झाले. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासानुसार पहिल्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३, तर इतरत्र ५८.८ वर्षे होते. आपल्याकडे आजार लवकर येतो, हे खरे आहे.

पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू व्हॉट्सॲपवर फिरत नाही. धूम्रपान, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यपान या नऊ गोष्टींनी पुरुषांमधली ९० टक्के आणि स्त्रियांमधली ९४ टक्के जोखीम स्पष्ट होते. म्हणजे झटका हा बहुतेकदा आकाशातून पडणारी वीज नसतो. मोजता येतील आणि बऱ्याच अंशी कमी करता येतील अशा कारणांची ती बेरीज असते.

कोविड लसीमुळे तरुण अचानक मरत आहेत, हा दावाही तपासला गेला आहे. आयसीएमआरने १९ राज्यांतल्या ४७ रुग्णालयांत १८ ते ४५ वयोगटातील अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. लसीमुळे जोखीम वाढल्याचे दिसले नाही. कोविडमुळे पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात अचानक मृत्यूचा इतिहास, मृत्यूआधीच्या ४८ तासांतले अतिमद्यपान, अमली पदार्थ आणि अतिश्रमाचा व्यायाम यांचा संबंध मात्र आढळला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २ जुलै २०२५ रोजी हे निष्कर्ष पुन्हा मांडले. त्यातल्या 'व्यायाम' या शब्दाने दचकण्याचे कारण नाही. तिथे बोलणे आहे ते अतिश्रमाविषयी, रोजच्या चालण्याविषयी नाही.

याच सुमारास कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात तरुणांच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि जुलै २०२५ मध्ये म्हैसूरच्या जयदेव हृदयरोग रुग्णालयात तपासणीसाठी लोकांची रीघ लागली. भीती साथीसारखी पसरते, याचे हे ताजे उदाहरण. अशा गर्दीत ज्याला खरोखर तातडीची गरज आहे, तो मागे राहण्याचा धोका असतो.

कधी एक मिनिटही थांबायचे नाही?

ही यादी चिंता करणाऱ्यांसाठी आहे, तशीच 'गॅस झालाय, इनो घे' म्हणून दुखणे टाळणाऱ्यांसाठीही.

- छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे, आवळल्यासारखे दुखणे, जे काही मिनिटांत जात नाही किंवा जाऊन पुन्हा येते
- दुखणे डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत पसरणे
- सोबत दरदरून थंड घाम, मळमळ, धाप
- चालताना किंवा श्रम करताना दुखणे आणि थांबल्यावर कमी होणे
- व्यायाम करताना भोवळ येऊन पडणे

स्त्रिया, ज्येष्ठ आणि मधुमेही यांच्यात छाती फारशी न दुखता केवळ धाप, प्रचंड थकवा किंवा मळमळ असेही घडते. अशा वेळी १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी झटका नाही असे लगेच म्हणता येत नाही, म्हणून डॉक्टर काही वेळाने पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी करतात.

पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. पण असा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, तर तो पॅनिक की झटका हे घरी बसून ठरवू नका. तपासून घ्या. ही भीती नाही, हा शहाणपणा आहे.

'खोकत राहिलात तर झटका थांबतो' हा फॉरवर्ड विसरा. त्यात वेळ जातो. डॉक्टरांनी दिलेली नसताना सॉर्बिट्रेटची गोळी पाकिटात ठेवून हवी तेव्हा जिभेखाली धरणेही धोक्याचे आहे. तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो.

तपासणी नेमकी किती करावी?

एकदाच, पण नीट. फॅमिली डॉक्टर किंवा हृदयरोगतज्ज्ञाकडे बसून पूर्ण इतिहास सांगा : वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला होता का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेले का, तंबाखू, दारू, झोप. रक्तदाब, साखर, लिपिड प्रोफाइल, ईसीजी आणि गरज वाटल्यास पुढच्या तपासण्या. सरकारी कार्यक्रमातही ३० वर्षांवरील सर्वांची रक्तदाब व मधुमेह तपासणी होते.

मग डॉक्टरांना दोन प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्या. 'पुढची तपासणी कधी?' आणि 'त्याआधी कोणते लक्षण दिसले तरच यायचे?' हा कागद म्हणजे तुमचा करार. त्यात न बसणाऱ्या कळेसाठी नवा डॉक्टर, नवा ईसीजी नाही.

भीतीवर उपचार काय?

या भीतीवर सर्वाधिक अभ्यासलेला उपचार म्हणजे सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी मानसोपचार पद्धती. ब्रिटनमध्ये ४४४ रुग्णांवर झालेला आणि २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हृदयरोगासह विविध बाह्यरुग्ण विभागांतल्या आरोग्यचिंतेच्या रुग्णांवर होता. मोजक्या सत्रांनंतर त्यांची चिंता नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली आणि फायदा दोन वर्षांनंतरही टिकला. महाराष्ट्रात याच घराण्यातली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. तिचा गाभा असा, की घटनेपेक्षा घटनेचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो. 'ठोका चुकला' ही घटना. 'म्हणजे मी आता मरणार' हा अर्थ. काम करायचे ते दुसऱ्या वाक्यावर.

रोजच्या जगण्यात याचे तीन भाग पडतात.

पहारा उठवा. नाडी दिवसात किती वेळा पाहता, ते आठवडाभर मोजा. मग प्रत्येक वेळी दहा मिनिटे पुढे ढकला. इच्छा लाटेसारखी वाढते आणि उतरते, हे अनुभवाला येईल. घड्याळातल्या ठोक्यांच्या सूचना बंद करा. रात्री लक्षणे गुगल करणे थांबवा. तिथे उत्तर मिळत नाही, फक्त पुढचा प्रश्न मिळतो.

टाळाटाळ मोडा. डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली असेल तर टप्पे ठरवा. पहिला आठवडा गोल्फ क्लब मैदानावर सपाट चालणे, मग इमारतीचा एक जिना, मग तीन मजले, मग एखाद्या रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या. जिना चढताना ठोके १२०-१३० झाले तर ते हृदय काम करत असल्याचे लक्षण आहे. वर पोहोचून नाडी न मोजता नुसते उभे राहा. धडधड आपोआप उतरते, हे शरीराने स्वतः पाहिले की जे दहा रिपोर्ट पटवू शकले नाहीत ते पटू लागते. लुईस यांनी सैनिकांना करायला लावलेल्या कवायतीची वाटही हीच होती.

सोबतीच्या 'आधारकाठ्या' हळूहळू सोडा. दवाखान्याजवळूनच जाणारा रस्ता, खिशातली गोळी, 'एकटा झोपणार नाही' हा हट्ट. सावकाश श्वास सोडण्याने घबराट उतरते हे खरे, पण तोही 'हे केले नाही तर मरेन' असा विधी बनू देऊ नका.

चिंता फार जुनी असेल, नैराश्य सोबत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ औषधे सुचवतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करायची नसतात. मेडिकलमधून स्वतःहून झोपेच्या किंवा 'टेन्शनच्या' गोळ्या घेणे मात्र टाळा. त्यातल्या काहींची सवय लागते.

घरच्यांनी काय करावे?

'काही झालेले नाही, नाटके करू नकोस' आणि 'चल, आत्ताच ईसीजी काढू' ही दोन्ही टोके भीती वाढवतात. पहिल्याने माणूस एकटा पडतो, दुसऱ्याने पहारा पक्का होतो. त्याऐवजी म्हणा : 'तुला भीती वाटते आहे हे दिसतंय. आपल्या कागदावरच्या लक्षणांपैकी यात काही आहे का? नाही ना? मग चल, जरा चालून येऊ.' दिवसातून दहा वेळा 'मला काही होणार नाही ना?' असे विचारले गेले तर दहा वेळा उत्तर देऊ नका. एकदा प्रेमाने द्या, पुढे विषय बदला.

नाशिकमध्ये मदत कुठे मिळेल?

- टेली मानस : १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली केंद्र सरकारची मोफत, २४ तासांची सेवा. मराठीत बोलता येते.
- जिल्हा रुग्णालय : मानसोपचार विभागात तपासणी व समुपदेशन.
- विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, शालिमार : हृदयविकारावरील शासकीय तज्ज्ञ उपचार. आधी फॅमिली डॉक्टरांचा सल्ला घ्या.
- इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ : डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली संस्था, नाशिकमध्येही केंद्र.
- तातडीची रुग्णवाहिका : १०८.

हृदयाची काळजी घेणे आणि हृदयाची काळजी करणे यांत एका शब्दाचा फरक आहे. घेण्याच्या कामाला वेळापत्रक असते : तंबाखू सोडणे, आठवड्याला १५० मिनिटे चालणे, मीठ कमी करणे, वर्षातून एकदा रक्तदाब मोजणे. ते काम संपते आणि माणूस बाकीच्या दिवसाला मोकळा होतो. करण्याचे काम संपत नाही आणि त्याने हृदयाचे काही भलेही होत नाही. शेवटचा नॉर्मल रिपोर्ट फाइलमध्ये असेल, तर आज दवाखान्यापेक्षा जिन्याकडे वळायला हरकत नाही.